विमान पाडायला जागा द्या

गेल्या दिवाळीत माझ्या मावसभावाने ड्रोन घेतला. अडीचशे ग्रॅमच्या आतला, घडी घातली की खिशात मावणारा. मावशीच्या मळ्यात पंधरा मिनिटांत तो चालवायला शिकलासुद्धा. बटण दाबलं की वर, स्टिक पुढे केली की पुढे, दोन्ही हात सोडले की हवेत जागच्या जागी उभा. तो खाली उतरवून मला म्हणाला, "ताई, बघ, मला उडवता येतं."

मी गाडीतून माझं फोमचं विमान काढलं आणि रिमोट त्याच्या हातात दिला. विमान मी हाताने फेकलं. ते सरळ, नीट चाललं होतं. पण त्याला ते लगेच वर न्यायचं होतं, म्हणून त्याने स्टिक पोटाशी ओढून धरली. नाक वर गेलं, वेग संपला, एक पंख खाली आला आणि विमान ज्वारीच्या धसकटात तोंडावर पडलं. फेकल्यापासून पडेपर्यंत चार सेकंद लागले असतील.

"याच्यात काहीतरी बिघाड आहे," तो म्हणाला.

बिघाड काही नव्हता. विमानाने त्याला खरं तेच सांगितलं होतं. पण आपलं चुकलं असेल ही शक्यता त्याच्या डोक्यात पहिल्यांदा आली नाही, आणि त्याचा दोष मी त्याला देत नाही. आजवर त्याच्या हाताला लागलेल्या प्रत्येक यंत्राने त्याची चूक परस्पर दुरुस्त करून घेतली आहे. कळफलक स्पेलिंग सुधारतो, कॅमेरा हात हलला तरी फोटो सरळ काढतो, ड्रोन वाऱ्याशी एकटाच भांडतो. चूक केली की काहीतरी पडतं, ही गोष्ट त्याला कुणी दाखवलेलीच नाही.

मला या लेखात एवढंच म्हणायचं आहे: शिकण्याची मधली पायरी आपण काढून टाकली आहे. हळू चालणारी, चुका सहन करणारी, पण चूक लपवून न ठेवणारी पायरी. आणि हे नाशिकमध्ये व्हावं, जिथे लढाऊ विमानं बनतात, याची आपल्याला लाज वाटली पाहिजे.

ट्रेनर म्हणजे काय

विजेवर उडणारं रेडिओ कंट्रोलचं ट्रेनर विमान दिसायला अगदी साधं असतं. माझ्याकडचं साधारण सव्वा मीटर पंखांचं आहे, वजन बॅटरीसकट किलोच्या आत. अंग फोमचं. पंख शरीराच्या वर बसवलेले आणि दोन्ही टोकांना किंचित उचललेले, उथळ इंग्रजी व्ही अक्षरासारखे. हा आकार शोभेसाठी नाही. विमान एका बाजूला कललं की ते त्या बाजूला घसरायला लागतं, आणि उचललेल्या पंखांमुळे खालच्या पंखाला जास्त उचल मिळते. तुम्ही काही केलं नाही तरी ते हळूहळू सावरतं. वजन खाली, पंख वर, याचाही थोडा हातभार असतो. नाकावर ब्रशलेस मोटर, पोटात तीन सेलची ११.१ व्होल्टची लिथियम पॉलिमर बॅटरी. एका चार्जला आठ-दहा मिनिटं उडतं.

ड्रोनशी याचा फरक इथेच आहे. चार पंख्यांचा ड्रोन स्वतःहून हवेत स्थिर राहूच शकत नाही. त्याच्यातला संगणक सेकंदाला शेकडो वेळा चारही मोटरींचा वेग बदलतो, तेव्हा तो उभा राहतो. तुम्ही त्याला फक्त इच्छा सांगता. ट्रेनर विमानात असा मधला माणूस नसतो. तुमचा अंगठा हलला की शेपटीची पट्टी हलते आणि पुढचं सगळं हवा ठरवते. मात्र विमानाचा आकारच असा केलेला असतो की तुम्ही त्याला फार छळलं नाहीत तर त्याला उडायचंच असतं.

हल्ली ट्रेनर विमानातही जायरो बसवून मिळतो. तो वाईट नाही. पण विकत घेताना दुकानदार "यात पडायची भीतीच नाही" असं सांगत असेल, तर तो तुम्हाला पोहायला शिकवताना तलावातलं पाणी काढून घेतोय हे समजा.

मी कशी शिकले

मी सत्ताविसाव्या वर्षी शिकले. अंबडला नोकरी करते, कॉम्प्युटरवर यंत्रांचे सुटे भाग काढते. शिकवणारे काका शेजारच्या इमारतीतले. ओझरच्या विमान कारखान्यात आयुष्यभर फिटर होते, आता निवृत्त. लहान विमानं ते पन्नास वर्षं उडवतायत, आधी बाल्साच्या लाकडाची, डिझेल इंजिनाची, आता फोमची.

आमचं मैदान म्हणजे गिरणारेच्या वाटेवरचं एक शेत. द्राक्षबाग काढून टाकली होती आणि नवीन काही लावलेलं नव्हतं. मालकांची परवानगी काकांनी घेतलेली. पहिल्या रविवारी पोचलो तेव्हा सात वाजले होते, अंगात स्वेटर होते आणि काकांनी मला तासभर विमान उडवूच दिलं नाही.

"आधी हे बघ," ते म्हणाले. पंखाखाली दोन बोटं ठेवून त्यांनी विमान तोललं. पंखाच्या रुंदीचा पुढून साधारण पाव ते एक तृतीयांश भाग, तिथे ते तोललं गेलं पाहिजे. बॅटरी मागे सरकली आणि शेपूट जड झाली तर ते विमान हवेत कुणाच्या बापाचं ऐकत नाही. मग प्रत्येक पट्टी योग्य बाजूला हलते का. उजवी म्हटलं की उजवीच का. मग रेंज. मग वारा. त्यांनी गवताची काडी सोडून दाखवली. उड्डाण वाऱ्याकडे तोंड करून, उतरणंही वाऱ्याकडे तोंड करून. आपलं नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंच, इथली हवा मुंबईपेक्षा पाच-सहा टक्के विरळ. म्हणजे तेच विमान इथे उतरताना थोडं जास्त वेगात असतं. "एवढ्याने काय होतं?" मी विचारलं. "काही होत नाही. पण माहीत असावं," काका म्हणाले.

पहिले तीन रविवार दोन रिमोट एकमेकांना जोडलेले होते. यालाच बडी बॉक्स म्हणतात. काकांनी एक स्विच दाबून धरला की विमान माझ्या ताब्यात, सोडला की त्यांच्या. मला दोन गोष्टींनी रडवलं. पहिली, विमान माझ्याकडे तोंड करून यायला लागलं की उजवं-डावं उलटं होतं. मी उजवीकडे न्यायला जाते, माझ्या डोळ्यांना ते डावीकडे जाताना दिसतं, मी घाबरून आणखी स्टिक दाबते. काकांनी युक्ती सांगितली: विमान तुझ्याकडे येत असेल तर जो पंख खाली पडलाय त्याच बाजूला स्टिक ने, जणू पंखाखाली टेकू लावतेस. डोक्याने ते मला एका मिनिटात कळलं. अंगठ्याला कळायला पाच रविवार लागले.

दुसरी गोष्ट स्टॉल. पंख हवेला ज्या कोनात भिडतात तो कोन साधारण पंधरा अंशांपलीकडे गेला की वरची हवा पंख सोडून देते, उचल कोसळते. विमान वर जात नाही म्हणून स्टिक ओढायची नसते, सोडायची असते. नाक खाली जाऊ द्यायचं, वेग येऊ द्यायचा, मग हलक्या हाताने वर. घाबरलेल्या माणसाला जे करावंसं वाटतं त्याच्या नेमकं उलटं. मावसभाऊ याच दगडाला अडखळला.

चौथ्या रविवारी काकांनी केबल काढून खिशात टाकली. "पोरी, उंची ठेव. तीन चुका करता येतील एवढी." मी दोन चुका केल्या आणि तिसरी करायला उंची उरली नाही. विमान शेजारच्या चालू बागेत, द्राक्षाच्या मांडवावर, तारांमध्ये अडकलं. एक पंख मोडला होता. मी त्या बागेच्या मालकांकडे गेले, माफी मागितली. त्यांनी स्वतः शिडी आणून विमान काढून दिलं आणि विचारलं, "ताई, पडणारच होतं तर उडवलं कशाला?"

मी काहीतरी पुटपुटले. काकांनी त्यांना उलट विचारलं, "भाऊ, तुम्ही एप्रिलमध्ये बाग का छाटता? तेव्हा तर द्राक्ष लागत नाही."

ते हसले. नाशिकच्या बागाईतदाराला हे सांगावं लागत नाही. एप्रिलमधली खरड छाटणी फळासाठी नसते. ती काडी तयार करण्यासाठी असते. ऑक्टोबरच्या गोडी छाटणीनंतर जो घड दिसतो, तो उन्हाळ्यात तयार झालेल्या काडीवर. शहरातून आलेल्या माणसाला एप्रिलमधली बोडकी बाग म्हणजे नुकसान वाटतं. ती छाटणी वगळून थेट ऑक्टोबरला उतरलेला शेतकरी मी अजून पाहिलेला नाही.

आपण एप्रिल वगळतो

शिक्षणात मात्र आपण नेमकं हेच करतो. शहरात फिरलात तर ड्रोन पायलट व्हा, पाच दिवसांत सर्टिफिकेट, असे फलक दिसतील. कोर्स करायला हरकत नाही. शेतात फवारणी, जमिनीची मोजणी, पूल तपासणं, ही खरी कामं आहेत आणि त्यांना माणसं लागणार. पण त्या पाच दिवसांतून बाहेर पडणाऱ्या किती मुलांना हात सोडल्यावर न थांबणारी वस्तू उडवून पाहायला मिळते? संगणक बंद पडला, होकायंत्र बिघडलं, सिग्नल गेला, तर पुढच्या तीन सेकंदांत हाताने काय करायचं हे त्या हातांना कधी शिकवलं?

इंजिनीअरिंग कॉलेजांचंही तेच. एका कॉलेजची टीम मी जवळून पाहिली. स्पर्धेसाठी मुलांनी सुरेख विमान बनवलं होतं. पंखाचा छेद सॉफ्टवेअरवर तपासलेला, वजन ग्रॅमपर्यंत मोजलेलं. आणि स्पर्धेच्या दिवशी ते उडवायला बाहेरून पैसे देऊन माणूस आणला. बारा जणांत एकालाही उडवता येत नव्हतं. विमान उजवीकडे ओढत होतं. बाहेरच्या माणसाने ते अंगठ्याने सावरून घेतलं, टाळ्या झाल्या. ते का ओढत होतं हे त्या बारा जणांना बहुतेक आजही माहीत नसेल, कारण ती ओढ त्यांच्या हाताला कधी लागलीच नाही.

यावर कुणी म्हणेल, एवढ्याशा खेळण्यावरून केवढं मोठं बोलतेयस. म्हणून मी खऱ्या विमानांकडे येते. मधली पायरी वगळल्याची किंमत या देशाने खऱ्या विमानांत मोजली आहे, आणि त्या हिशेबात नाशिकचं नाव येतं.

ओझरची गोष्ट

हिंदुस्तान एरोनॉटिक्सचा नाशिक विभाग १९६४ सालचा. तो उभा राहिला मिग-२१ साठी. ओझर टाउनशिप, तिथल्या शाळा, सकाळच्या बसेस, त्यातून घडलेली दोन-तीन पिढ्यांची मध्यमवर्गीय नाशिककर घरं, हे सगळं त्या विमानाच्या आधाराने उभं राहिलं. माझे काका त्यातलेच. त्या विमानाचा अभिमान मलाही आहे.

पण मिग-२१ हे शिकाऊ माणसाचं विमान नव्हतं. ताशी तीनशे किलोमीटरहून जास्त वेगाने उतरणारं, चूक माफ न करणारं. आपले तरुण वैमानिक किरणसारख्या संथ प्रशिक्षण विमानावरून या विमानाकडे जात, आणि दोघांच्या मधल्या वेगाचं, अवघड पण सावरून घेणारं प्रगत जेट ट्रेनर आपल्याकडे नव्हतं. हवाई दलातल्या अपघातांचा विचार करणाऱ्या ला फाँटेन समितीने १९८२ साली असं ट्रेनर घ्यावं असं सांगितलं. ब्रिटिश हॉक विमानांचा करार झाला २००४ मध्ये. ती हवाई दलात रीतसर दाखल झाली २००८ मध्ये. समितीपासून विमानापर्यंत सव्वीस वर्षं.

त्या सव्वीस वर्षांत कारखाने बंद नव्हते. लढाऊ विमानं बनत होती, परेडमध्ये उडत होती. अडलं होतं ते फक्त शिकायचं विमान. २०१२ साली तेव्हाचे संरक्षणमंत्री ए. के. अँटनी यांनी संसदेत सांगितलेला आकडा असा: मिग जातीच्या ८७२ विमानांपैकी ४८२ विमानांना अपघात झाले, १७१ वैमानिक गेले, शिवाय ३९ नागरिक. हे सगळे अपघात ट्रेनर नव्हतं म्हणून झाले, असं मी म्हणत नाही. जुनी यंत्रं, सुटे भाग, पक्षी, हवामान, अनेक कारणं होती. पण मधली पायरी नाही हे एका समितीने लिहून दिल्यावर ती बांधायला पाव शतक लागतं, याला तांत्रिक कारण पुरत नाही. शिकायच्या विमानाला कुणी महत्त्वच देत नव्हतं. त्याच्या फोटोवर मतं मिळत नाहीत, त्याचं पोस्टर कुणी खोलीत लावत नाही.

पुण्याचे फ्लाइट लेफ्टनंट अभिजित गाडगीळ १७ सप्टेंबर २००१ रोजी राजस्थानात मिग-२१ च्या अपघातात गेले. त्यांच्या आई कविता गाडगीळ यांनी मिगच्या सुरक्षिततेचा प्रश्न जाहीरपणे, वर्षानुवर्षं लावून धरला. आणि त्यांनी आणि त्यांच्या पतींनी पुण्यात काय उभं केलं? सिम्युलेटरवर वैमानिकांना शिकवणारी संस्था. मुलगा गमावलेल्या घराने प्रशिक्षणाची सोय उभी केली. मला वाटतं, या सगळ्या इतिहासात प्रश्न नेमका कुठे आहे हे त्यांच्याइतकं कुणालाच कळलं नव्हतं.

गोष्ट तिथे संपत नाही. हवाई दलाचं अगदी प्राथमिक प्रशिक्षणाचं एचपीटी-३२ हे विमान २००९ सालच्या जीवघेण्या अपघातानंतर जमिनीवर ठेवावं लागलं आणि २०१३ मध्ये स्वित्झर्लंडहून पिलाटस विमानं आणावी लागली. आपलं स्वतःचं एचटीटी-४० पहिल्यांदा उडालं २०१६ मध्ये, ७० विमानांचा करार झाला २०२३ मध्ये. मिग-२१ सप्टेंबर २०२५ मध्ये चंदीगडला निवृत्त झालं. त्यानंतर महिन्याभरात, १७ ऑक्टोबर २०२५ रोजी, ओझरला दोन उत्पादन साखळ्यांचं उद्घाटन झालं: एक तेजस मार्क-१ए या लढाऊ विमानाची आणि दुसरी एचटीटी-४० या ट्रेनरची. त्या दिवशी आपल्या फोनवर कुणाचे व्हिडिओ फिरले ते आठवा. तेजसचेच. एचटीटी-४० चं नाव शंभरातल्या किती नाशिककरांना सांगता येईल? काकांना मात्र त्या दिवशी दुसऱ्याच बातमीचा आनंद झाला होता. "आता हे शिकायचं विमान आपल्या गावात बनणार," ते दोनदा म्हणाले.

अभिमान हवा, सराव नको

आपल्याला विमानाचा अभिमान फार लवकर येतो. शिवकर बापूजी तळपदे यांनी १८९५ साली मुंबईत चौपाटीवर विमान उडवल्याची कथा तुम्ही फॉरवर्डमध्ये वाचली असेल. २०१५ साली तिच्यावर हिंदी सिनेमा आला, त्याच वर्षी मुंबईच्या विज्ञान काँग्रेसमध्ये प्राचीन विमानविद्येवर व्याख्यान झालं. तळपदे यांनी प्रयत्न केला असेल तर त्या धडपडीला माझा नमस्कारच आहे. पण ते उड्डाण पुराव्याने सिद्ध झालेलं नाही. ज्या 'वैमानिक शास्त्रा'चा दाखला सतत दिला जातो, ते बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या पाच अभ्यासकांनी १९७४ मध्ये तपासलं आणि त्यात वर्णन केलेली विमानं उडू शकणार नाहीत असा निष्कर्ष काढला.

या वादात दोन्ही बाजूंनी रात्रभर कॉमेंट करणाऱ्यांपैकी कितीजणांनी कधी पुठ्ठ्याचं ग्लायडर तोलून उडवलं आहे? ज्याने एकदा विमानाचा तोल सव्वा इंच मागे गेल्यावर काय होतं हे पाहिलंय, त्याला कुठलं चित्र उडेल आणि कुठलं उडणार नाही हे विचारायला बंगळुरूला जावं लागत नाही. खोट्या अभिमानावर हाताच्या अनुभवासारखं औषध नाही.

चार आक्षेप

पहिला आक्षेप: हा श्रीमंतांचा छंद आहे. माझा विमान, रिमोट, चार्जर, दोन बॅटऱ्या असा सगळा संच १४,००० रुपयांत बसला. रक्कम लहान नाही, पण ज्या घरात मुलाला यापेक्षा महाग फोन घेऊन दिला जातो त्या घराने मला हे कारण सांगू नये. ज्यांना ते परवडत नाही त्यांच्यासाठी एका विमानावर पाचजण शिकू शकतात, शिकतातही. फोमशीट, चिकटपट्टी आणि बांबूच्या काड्यांमधून अंगही घरी बनतं. फक्त थर्माकोलवर फेविक्विक लावू नका, ते थर्माकोल खातं. हा धडा मी अख्खी शेपूट विरघळवून शिकले.

दुसरा: कायदा परवानगी देत नाही. हे अर्धवट माहितीतून बोललं जातं. २०२१ च्या ड्रोन नियमांत मनोरंजनासाठी, शिक्षणासाठी, नजरेच्या टप्प्यात उडवायच्या २५ किलोपर्यंतच्या मॉडेल विमानांची वेगळी व्याख्या आहे आणि त्यांना टाइप सर्टिफिकेट लागत नाही. दोन किलोपर्यंतचं यंत्र व्यवसायासाठी उडवत नसाल तर रिमोट पायलटचा परवानाही लागत नाही. हिरव्या झोनमध्ये ४०० फुटांपर्यंत, विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात २०० फुटांपर्यंत उडवता येतं. लाल झोन म्हणजे नाही, तिथे चर्चा नाही. आपल्याकडे ओझर आहे, गांधीनगरचा लष्करी हवाईतळ आहे, देवळालीचा तोफखाना आहे. म्हणून नकाशा बघणं, पोलिसांचा स्थानिक मनाई आदेश आहे का हे विचारणं आणि नोंदणीचे नियम तपासणं हे बॅटरी चार्ज करण्याइतकंच आवश्यक. पण "कायदा नाही म्हणतो" हे बहुतेकदा न वाचलेल्या कायद्याबद्दलचं वाक्य असतं.

तिसरा: मग सिम्युलेटरवर शिका की. शिकाच. दहा तास सिम्युलेटरवर घालवलेत तर उलट्या उजव्या-डाव्याचा अर्धा त्रास वाचतो. पण सिम्युलेटरमध्ये पडल्यावर एक बटण दाबलं की विमान पुन्हा नवं. शेतात पडल्यावर चालत जावं लागतं. त्या चालण्यात पाच मिनिटं जातात, आणि माझं निम्मं शिकणं त्या पाच मिनिटांत झालंय. काय केलं मी? कधी केलं? त्याआधी काय दिसत होतं? स्क्रीनवर हा रस्ता चालायला लागत नाही, म्हणून तो विचारही होत नाही.

चौथा आक्षेप खरा आहे: हे धोक्याचं आहे. हो. फिरता प्रोपेलर बोट कापतो. लिथियम बॅटरी फुगलेली वापरली, चुकीची चार्ज केली तर पेट घेते. किलोभराचं विमान डोक्यात पडलं तर जखम होते. म्हणूनच तर ते गल्लीत, गच्चीवर, सोसायटीच्या पार्किंगमध्ये उडवायचं नसतं. त्यासाठी जागा लागते. आणि आता मी मूळ मागणीकडे येते.

मागणी

या शहरात क्रिकेटला मैदानं आहेत, प्रदर्शनांना आहेत, सभांना आहेत, लग्नांना लॉन्स तर मोजता येणार नाहीत इतकी आहेत. आम्ही दुसऱ्याच्या पडीक शेतात उडवतो आणि मालकांनी पुढच्या हंगामात पीक लावलं की आमचं मैदान जातं. गेल्या पावसाळ्यानंतर तेच झालं. त्यांचं शेत आहे, त्यांचा हक्क आहे. तक्रार त्यांच्याबद्दल नाहीच.

मागते आहे ते एवढंच. शहराच्या कडेला, हिरव्या झोनमध्ये, फुटबॉलच्या दोन-तीन मैदानांएवढी मोकळी जमीन. आठवड्यातून दोन सकाळी, सहा ते नऊ. उडवणारे कुठे उभे राहतील याची एक चुन्याची रेघ, बघणारे त्या रेघेच्या मागे. वाळूची एक बादली, बॅटरी पेटली तर टाकायला. शिकवायला माणसं आहेत. या जिल्ह्यात विमानं जोडून निवृत्त झालेल्या लोकांच्या हातात जे आहे ते कुठल्याच कोर्समध्ये मिळणार नाही, आणि ते हात दरवर्षी थकत चालले आहेत. येवल्यात संक्रांतीला अख्खं गाव आसारी घेऊन गच्चीवर असतं. वारा वाचणारी मुलं आपल्याकडे आजही आहेत. पतंग कटला म्हणून तिथे कुणी मुलाला रागावत नाही, दुसरा देतात. तेवढीच समजूत मला विमानासाठी हवी आहे.

शाळा-कॉलेजांकडे मागणी वेगळी: विमान बनवण्याच्या खर्चात मोडण्याचा खर्च धरा. तीन विमानांचे पैसे द्या, एक उडेल. ज्या प्रकल्पात मोडायला पैसे नाहीत त्यात मुलं विमानाची पूजा करतात, त्याला हात लावत नाहीत.

आणि तुमच्याकडे, जे हे फोनवर वाचताय, त्यांच्याकडे: पहिलं विमान म्हणून लढाऊ विमानाची देखणी प्रतिकृती घेऊ नका. उचललेल्या पंखांचं, बेंगरूळ, हळू ट्रेनर घ्या. त्याच्यासोबत रील काढाल तर लाइक्स कमी येतील. ते तीसेक वेळा पडेल. पहिल्यांदा विमान तुमच्या पायापाशी, वाऱ्याकडे तोंड करून, मोटर बंद, सरकत येऊन गवतात थांबेल, तेव्हा तुम्हाला कळेल की हे तुम्ही केलंत, आत बसलेल्या कुणी नाही.

मावसभाऊ त्या दिवाळीनंतर दोन महिने फिरकला नाही. मग एका रविवारी आपणच आला. नव्या जागी आलो होतो, थोडी लांब, थोडी दगडांची. सहाव्या उड्डाणात त्याने विमान बोरीच्या झाडात घातलं. या वेळी बिघाडाबद्दल काही बोलला नाही. स्वतः चालत गेला, काटे लागले तरी झाडात चढून विमान काढलं, मोडलेलं नाक हातात धरून परत येताना वाटभर मान खाली घालून काहीतरी मोजत होता. जवळ आल्यावर काकांना म्हणाला, "वळताना मी नाक वर धरलं नाही. वळणात उंची जाते ना?"

काका म्हणाले, "जाते."

"गोंद कुठंय?"